लीलाआजींची रेघ

कानाच्या तपासणीत माणसं खोटं बोलतात, हे मी पंधरा वर्षांच्या अनुभवाने सांगते. मुद्दाम नाही हो, पण बोलतात. हातात बटण दिलं की बीप वाजला नसला तरी दाबतात, कारण 'आता वाजायला हवा होता' असं त्यांना वाटतं. शब्दांची तपासणी असली की अर्धा शब्द ऐकतात, उरलेला पदरचा घालतात आणि बरोबर आलं का म्हणून माझ्या तोंडाकडे बघतात. आम्हीच त्यांना तसं सांगतो म्हणा. नीट ऐकू आलं नाही तर अंदाज करा, ही तर आमची ठरलेली सूचना. इकडे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीच्या माझ्या क्लिनिकमध्ये रोज आठ-दहा माणसं असे अंदाज करून जातात. त्याला ठाम नकार देणारं माणूस मला एकच भेटलं, आणि तेव्हा त्या बाईंचं वय पंचाण्णव होतं.

लीलाआजींना त्यांची मुलगी ज्योतीताई घेऊन आली होती. ज्योतीताई स्वतः सत्तरीला टेकलेल्या, दाताच्या डॉक्टर म्हणून रिटायर झालेल्या. आईला घरात तसं ठीक ऐकू येतं, पण फोनवर अजिबात येत नाही, आणि दर रविवारी चिपळूणहून कुसुममावशीचा फोन असतो, तो तिला नीट ऐकायचाय, अशी त्यांची तक्रार. त्या सांगत असताना आजी माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलून तिचं टोक बघत होत्या. बोथट होतं. त्यांनी पिशवीतून शार्पनर काढला, टोक केलं, मग पेन्सिल उलटी करून दुसऱ्या बाजूलाही केलं आणि जागेवर ठेवून दिली. मला जरा रागच आला. पेशंटने माझ्या टेबलावरच्या वस्तूंना हात लावलेला मला खपत नाही.

तपासणी सुरू झाली. मराठी पेशंटसाठी मी शब्दांची यादी घरीच बनवली आहे, ती वाचायला घेतली. पहिले चार-पाच शब्द आजींनी खणखणीत परत म्हटले. पुढे आवाज कमी केला तशा त्या गप्प. मी थांबले. म्हटलं, आजी, अंदाजाने सांगा. नाही म्हणाल्या. म्हटलं, चुकलं तरी चालेल.

"तुला चालेल," आजी म्हणाल्या. "तिथे रेघ मार."

माझ्या कागदावर चौकटी असतात, बरोबर आणि चूक अशा दोनच. रेघेला जागाच नाही. पण त्या हेडफोन लावून इतक्या ताठ बसल्या होत्या की मी मुकाट्याने रेघा मारल्या. पस्तीस शब्दांत एकवीस रेघा. माझ्या उभ्या नोकरीत इतका प्रामाणिक कागद मी पाहिला नव्हता, आणि इतका वाईटही नव्हता पाहिला. उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा बरा. यंत्राने आवाज वाढेल पण शब्द स्पष्ट होतीलच असं नाही, हे मी दोघींना समजावून सांगितलं. ज्योतीताईंचा चेहरा पडला. आजींनी फक्त विचारलं, "किती महिने मिळतील?"

पुढे त्या दर पंधरा दिवसांनी यायला लागल्या. यंत्राची जुळणी करायला इतक्या फेऱ्या लागत नाहीत, पण त्यांना लागायच्या. हळूहळू त्यांच्या एकेक तऱ्हा कळायला लागल्या. भिंतीला पाठ लावल्याशिवाय त्या बसत नसत. खोडरबर त्यांच्या घरात नव्हतं. वाणसामानाच्या यादीतसुद्धा काही चुकलं तर शब्दावरून एकच रेघ, आतला शब्द वाचता आला पाहिजे अशी, आणि शेजारी आपली लहानशी सही. डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवर, आपल्या लोकांच्या दुकानांत, ज्योतीताई ती यादी घेऊन जायच्या, तेव्हा 'कोथिंबीर' खोडून 'कढीपत्ता' लिहिलेल्या जागीही सही असायची. ज्योतीताई हसून म्हणायच्या की आमच्याकडे भाजीची सुद्धा कोर्टात केस उभी राहू शकते.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये मी त्यांना पाहिलं. आरतीला आपण सगळे काय करतो ते काही वेगळं सांगायला नको. येतं तिथे जोरात, येत नाही तिथे ओठ हलवत टाळ्या जोरात. आजी जेवढं पाठ होतं तेवढंच म्हणत होत्या. मधेच एखाद्या ओळीला तोंड घट्ट मिटून उभ्या, आणि पुढच्या ओळीला अचूक सुरू. शेजारची एक बाई हळूच म्हणाली की म्हाताऱ्या झाल्या, विसरतात. मी म्हटलं, त्या विसरत नाहीत गं, आपण विसरतो आणि गात राहतो.

आणि एकदा तर त्यांनी माझी विकेटच काढली. माझ्या खोलीच्या पलीकडे माझी सहकारी बसते, तिचा टायपिंगचा आवाज येतो. यंत्रं बसवून महिनाही झाला नसेल, आजी बाहेर बसल्या होत्या. आत आल्या आणि म्हणाल्या की आज पलीकडची मुलगी आलेली नाही, तिच्या जागी दुसरी कुणीतरी बसली आहे, आणि तू घरी भांडून आली आहेस. दोन्ही खरं होतं. सहकारी रजेवर होती, आणि सकाळी माझं नवऱ्याशी कचऱ्याच्या बिनवरून वाजलं होतं. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, "प्रत्येकाचा हात असतो. बोटं बोलतात. शब्द नाही कळले तरी हात कळतो."

हे असलं वाक्य पुण्यामुंबईकडच्या पंचाण्णव वर्षांच्या बाईने कुठून आणलं, हा किडा माझ्या डोक्यात वळवळायला लागला. मला राहवेना. पुढच्या खेपेला सरळ विचारलं. निमित्तही होतं, कानात आवाज येतो का, हा प्रश्न फॉर्ममध्ये होताच. आजी म्हणाल्या, येतो, एकच बारीक शिट्टी, एकोणिसाव्या वर्षापासून. मी म्हटलं, एकोणिसाव्या वर्षी कुणाच्या कानात शिट्टी वाजते?  ज्योतीताई खाली दुकानात गेल्या होत्या. दार लावलेलं आहे ना, हे आजींनी वळून पाहिलं. मग म्हणाल्या की कानाच्या डॉक्टरला कानाचं सांगायला हरकत नसावी.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने मुलींनाही भरती केलं होतं. गिरगावातल्या एकाच शाळेतल्या लीला आणि कुसुम अशा दोघी नौदलाच्या महिला तुकडीत गेल्या. घरी सांगितलं, टायपिंगचं काम आहे. खरं काम होतं ऐकण्याचं. समुद्राजवळ एक बैठी इमारत होती. कुठे, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिथे हेडफोन लावून जपानी आरमाराचे तारेसारखे कट्ट-कडकट्ट संदेश टिपायचे. संदेश गुप्त भाषेत, म्हणजे नुसते आकडे, पाच-पाच आकड्यांचे गट. त्याचा अर्थ लावणारे लोक वेगळे, दुसऱ्या इमारतीत. या मुलींना अर्थ माहीत नसायचा, आणि विचारायचाही नसायचा. उजव्या कानावर हेडफोन, डावा अधिकाऱ्यासाठी मोकळा. पेन्सिली दोन्ही बाजूंनी टोक केलेल्या, म्हणजे एक तुटलं तर उलटी करायची, वेळ जाऊ द्यायचा नाही. खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करायची आणि प्रत्येकीला दिलेला चारआकडी नंबर लिहायचा. आणि पहिला नियम हा, की आकडा रेडिओच्या खरखरीत बुडाला तर तिथे रेघ मारायची. अंदाज करायचा नाही. रेघ असली तर अर्थ लावणाऱ्याला कळतं की इथे माहीत नाही, तो जपून चालतो. चुकीचा आकडा असला तर तो बिनधास्त चालतो.

पलीकडून पाठवणाऱ्या जपानी माणसांचा 'हात' त्या मुलींना ओळखू यायचा. एक होता, त्याला कायम घाई. गटातला शेवटचा आकडा गिळायचा. कुसुमने त्याचं नाव बाशिंग ठेवलं होतं, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातलं. दोघी जेवताना बाशिंगची टिंगल करायच्या. बाशिंगचं लग्न ठरलं असेल, बाशिंगची सासू आली असेल. हे सांगताना आजी चक्क लाजल्या. मला तर हसू आवरेना. मग त्यांनी पुढचं सांगितलं.

कुसुमचा धाकटा भाऊ बाळा मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. त्याचं जहाज एका दुपारी सुटणार होतं. कुसुमला त्याला बेसनाचे लाडू नेऊन द्यायचे होते, पण तिची दुपारची पाळी. लीला म्हणाली, तू जा, मी बसते. सकाळची स्वतःची पाळी संपवून ती कुसुमच्या टेबलावर कुसुमच्या नंबरावर बसली. अशी बदली मुली आपसांत करायच्या, कुणी काही म्हणायचं नाही. तिसऱ्या तासाला बाशिंगच्या वेळेला बाशिंगचा संदेश आला. पहिल्याच गटातला शेवटचा आकडा खरखरीत बुडाला. त्या जागी बाशिंग रोज सात पाठवायचा. लीला दमली होती. तिने सात लिहिला.

कागदावर एकही रेघ नाही. अधिकारी खूश झाला, आणि कागदावर नंबर कुसुमचा, म्हणून दुसऱ्या दिवशी शाबासकी कुसुमला मिळाली. ती लीलाकडे बघून डोळे मिचकावून हसली. त्या दुपारी दोघी भात खात असताना लीलाच्या लक्षात आलं, की त्या संदेशात तो बुडालेला आकडा सोडून बाकीचे सगळे आकडे सावकाश, ऐसपैस आले होते. तो हात बाशिंगचा नव्हताच. बाशिंगच्या वेळेला, बाशिंगच्या नावाने, दुसराच कुणीतरी बोलत होता. हे सांगायला उठायला हवं होतं. उठली असती तर आकडा भरल्याचं कळलं असतं, बदलीचं कळलं असतं, कुसुमची शाबासकी गेली असती आणि दोघींची नोकरीही. ती मूग गिळून बसली. चौथ्या दिवशी बाळाचं जहाज बुडाल्याची बातमी आली.

"त्या आकड्यामुळे?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या की ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यांनाही नाही, दुसऱ्या इमारतीतल्या लोकांनाही नाही. कदाचित काही संबंध नसेल. कदाचित असेल. मी म्हटलं, आजी, इतक्या मोठ्या युद्धात एका आकड्याने काय होतंय?

"एका आकड्यासाठीच आम्हाला बसवलं होतं," त्या म्हणाल्या.

गुप्ततेच्या कागदावर सही केली होती, म्हणून नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही. पण कुसुमने तर त्याच कागदावर सही केली होती, तिला सांगायला कुणाची आडकाठी होती? दर रविवारी फोनवर बोलायचं, आणि दर रविवारी ताकास तूर लागू द्यायची नाही, असं त्यांनी पाऊणशे वर्षं केलं. आता कान चालला होता. कुसुमला सांगून टाकणं अवघड नव्हतं म्हणाल्या, बोलायला कान लागत नाही. पण ती जे उत्तर देईल ते पुरतं ऐकू यायला हवं. म्हणून यंत्र. म्हणून 'किती महिने मिळतील'. मला त्या क्षणी माझ्या धंद्याची भीती वाटली. मी बायकांना नातवंडांची बडबड ऐकण्यासाठी यंत्रं विकते, हे असलं काही माझ्या अंगावर कधी आलं नव्हतं.

एका संडे आर्व्होला, म्हणजे रविवारी दुपारी, मी त्यांच्या घरी गेले. चिपळूणला तेव्हा सकाळचे दहा. फोनचा आवाज सरळ यंत्रात जाईल अशी जुळणी केली, म्हणजे पलीकडचं फक्त आजींना ऐकू येणार, मला नाही. ज्योतीताईंना आजींनी कढीपत्त्याला पिटाळलं होतं. जेवणाच्या टेबलाशी भिंतीला पाठ लावून त्या बसल्या. समोर आखीव कागद, दोन पेन्सिली, चार टोकं. मी म्हटलं, मी बाहेर थांबते. म्हणाल्या, थांब इथेच, यंत्र बिघडलं तर?

फोन लागला. तब्येतीचं विचारणं झालं. मग आजींनी शाळेत धडा म्हणावा तसं एका दमात सांगितलं.

"कुसुम, त्या दुपारी तुझ्या टेबलावर बसून बाशिंगच्या गटातला शेवटचा आकडा मी भरला. तो मला ऐकू आला नव्हता. आणि हात बाशिंगचा नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तरी मी बोलले नाही."

आणि त्या ऐकू लागल्या. डोळे मिटले, पेन्सिल हातात.  मग पेन्सिल हलली. थांबली. रेघ, रेघ, रेघ. पुन्हा काही अक्षरं. मी बघत होते. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी फोन खाली ठेवला आणि कागद माझ्याकडे सरकवला. तो माझ्यापुढे आजही तसाच आहे:

लीले — — बाळा त्या दिवशी — — — — — — लाडू — — — — तुला — — — आता ठेवते.

कुसुममावशी रडत बोलल्या असणार. रडणारा आवाज यंत्राला पकडता येत नाही, मला हे आधी सुचायला हवं होतं.  समोर ही एवढीशी बाई, पांढरी पातळ वेणी, आणि कागदावर नुसत्या रेघा. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं की आजी, हे बघा, 'लाडू' आहे, 'तुला' आहे, तुझ्यामुळेच मी त्याला लाडू देऊ शकले असंच म्हणाल्या असतील. नक्कीच माफ केलं असेल.

त्यांनी हात काढून घेतला.

"नक्कीच सात असेल म्हणूनच मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या.

मला तोंड लपवावंसं वाटलं. त्यांचं बरं व्हावं म्हणून बोलले मी, आणि नेमकी तीच चूक त्यांच्यासमोर करून बसले. पुढच्या रविवारी परत विचारा, ऐकू आलं नाही म्हणून स्पष्ट सांगा, असं मी निघताना सुचवलं. त्यांनी विचारलंही. कुसुममावशी म्हणाल्या, एकदाच बोलायची ताकद होती लीले, ते बोलले. एवढं मात्र आजींना स्वच्छ ऐकू आलं. मग कुसुममावशी पाण्याच्या टाकीबद्दल आणि नातसुनेच्या परीक्षेबद्दल बोलायला लागल्या. चिपळूणला तेव्हा खोलीत कोण होतं ते विचारून घेऊ, नातसुनेने ऐकलं असेल, असं मी म्हटलं. आजी म्हणाल्या की ते उत्तर माझ्यासाठी होतं, दुसऱ्याच्या कानाने ते घ्यायचं नाही. मला हा हट्ट तेव्हा पटला नाही आणि आताही पूर्ण पटत नाही. मी असते तर नातसुनेला त्याच दुपारी फोन लावला असता.

एक मात्र खरं. रविवारचा फोन बंद झाला नाही. त्याचा अर्थ काय, हे मी माझ्या मनात हजारदा लावलं आहे, पण आजींसमोर लावायची माझी पुन्हा छाती झाली नाही.

गेल्या हिवाळ्यात आजींना वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. डावा कानही गेला. ज्योतीताईंना सगळं सांगायचं काम आजींनी माझ्यावर टाकलं होतं, 'मी गेल्यावर' म्हणून, आणि ते मी नंतर केलं. तुम्ही हे लिहा असं ज्योतीताईच म्हणाल्या, म्हणून लिहिते आहे.

शेवटची भेट एका रविवारचीच. यंत्राच्या बॅटरीच्या निमित्ताने मी गेले होते. खरं तर यंत्राचा आता काही उपयोग नव्हता, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. त्या खिडकीकडे पाठ करून, भिंतीला टेकून बसल्या होत्या. फोन नुकताच संपला होता. मी लिहून विचारलं, काय ऐकू येतं? म्हणाल्या, शब्द नाही येत, पण कुसुमचा हात येतो, कुठे थांबते, कुठे घाई करते ते कळतं. पुढ्यात कागद होता. तीन ओळी भरून रेघा, एकसारख्या, सुरेख आखलेल्या. आणि अगदी शेवटी एकच शब्द लिहिलेला होता, 'जेवलीस'.

कुसुममावशी प्रत्येक फोन 'जेवलीस का?' विचारून ठेवतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला इतकं बरं वाटलं. मी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावून विचारलं, हे ऐकलंत?

आजींनी तो शब्द पुन्हा वाचला. मग पेन्सिल उलटी केली, बोथट टोक वर, धारदार खाली. शब्दावरून एकच रेघ मारली, आतला शब्द वाचता यावा अशी. वर, ऐकू आलं नाही याची, छोटी रेघ काढली. शेजारी सही केली, आणि सहीखाली एक चारआकडी नंबर लिहिला. तो कुणाचा, हे मी खुणेने विचारलं.

"माझा," आजी म्हणाल्या.